पहिल्या घोटाचा मान

माघ शुद्ध चतुर्थी, मंगळवार

काल सकाळी मी छावणीतल्या मिशनच्या शाळेत मागच्या पायरीवर जाऊन बसलो. दारू सोडू पाहणाऱ्यांची मीटिंग संध्याकाळची होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तसं चिठ्ठीवर स्वच्छ लिहून दिलं होतं. पण संध्याकाळपर्यंत मी त्या दारापर्यंत पोचेन असा माझा मलाच भरवसा नव्हता. गारखेड्याहून छावणीत यायचं तर वाटेत ओळखीची दुकानं बरीच, आणि एकेका दुकानदाराला माझं नाव पाठ. म्हणून दुकानं उघडायच्या आत घर सोडलं.

शाळा भरली, मधली सुट्टी झाली, शाळा सुटली. शिपायानं विचारलं, पालक आहात का. मी व्हय म्हणालो. त्यानं पाणी आणून दिलं. अंगाला कंप होता, पाणी निम्मं सदऱ्यावर सांडलं. 

ऊन उतरल्यावर एक सत्तरीचे गृहस्थ किल्ली घेऊन आले. खांद्याला कापडी पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट. नाव अनंतराव. कोर्टात कारकून होते, आता निवृत्त. कधीपासून बसलात म्हणून विचारलं. सकाळपासून, म्हणालो. ते किल्ली हातात तशीच धरून पायरीवर माझ्याशेजारी बसले.

"म्हणजे आज घेतली नाहीत."

"नाय."

"मग आजचं काम तुम्ही आत यायच्या आधीच उरकलंत. आता नुसतं बसा."

आत लहान मुलांची बाकं. त्यात बसलं की गुडघे हनुवटीला येतात. भिंतीवर फळांचे तक्ते. दहा-बारा माणसं आली आणि एकेक जण उठून आपलं सांगू लागला. मी कीर्तनं ऐकली, पारायणाला बसलो, गावच्या पंचांसमोर माणसं खोटं बोलताना पाहिली. पण कुणी न विचारता माणूस आपली लाज अशी समोर काढून ठेवतो, जसा डबा उघडावा तशी, हे मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. एक जण दखनीत एवढंच बोलला, "कल नै पिया, आज बी नै पीता, कल की बात कल." आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं. का ते माहीत नाही.

ही वही अनंतरावांच्या सांगण्यावरून. मोठं लिहू नका म्हणाले. आज काय झालं आणि आज काय लपवावंसं वाटलं, एवढंच.

काल लपवावंसं वाटलं ते हे, की मी पालक नव्हे.

माघ शुद्ध षष्ठी, गुरुवार

नव्या माणसाला ते काय सांगतात ते लिहून ठेवतो, कारण माझ्या डोक्यात सध्या काही टिकत नाही.

जन्मभराची शपथ घ्यायची नाही. हे ऐकून मी चमकलो. मी आजवर शपथाच घेत आलो. बेलभंडार उचलला, आईच्या पायावर हात ठेवला, मुलीच्या डोक्यावर ठेवला. अनंतराव म्हणाले, "जन्म फार मोठा आहे, तो देवाकडे राहू द्या. तुम्ही आजचा दिवस बघा." एवढ्याशा दिवसाचं देवाला काय देणार, असं मला वाटलं. पण विचार केला तर आजवर मी त्याला एक दिवससुद्धा पुरता दिला नव्हता.

पहिला घोट टाळायचा. दुसऱ्याची काळजी करायची नाही, तो पहिल्याशिवाय येतच नाही.

मीटिंगमधल्या कुणाला तरी फोन करायचा, तो प्यायच्या आधी. नंतर सगळेच करतात.

उपाशी राहायचं नाही, राग पोटात ठेवायचा नाही, एकट्यानं जुन्या जागी जायचं नाही. हे चतुराबाईनं सांगितलं. ती छावणीच्या बाजारात कांदे-बटाटे विकते. त्या खोलीत बाईमाणूस पाहून मी आधी मान खाली घातली होती. तिनं ओळखलं. म्हणाली, "काय भाऊ, बाईला घसा नसतो व्हय?"

देवाबद्दल ते कुणाला काही सांगत नाहीत. ज्याचा त्याचा देव, ज्याला त्याला जसा समजला तसा. त्याच्यावर भार टाकायचा. हे मला फार आवडलं.

माघ शुद्ध एकादशी, मंगळवार

मी पाण्याच्या लाइनीवर आहे. लांब चावी घेऊन गल्लोगल्ली व्हॉल्व्ह उघडायचा, वेळ झाली की बंद करायचा. वीस वर्षं झाली. ज्या गल्लीला आठवड्यानं पाणी येतं तिथं लाइनमन देवासारखा. फरक एवढाच की देवाला बायका शिव्या देत नाहीत.

आज पहाटे चावी फिरवली आणि कान देऊन उभा राहिलो. आधी पाइपातून वारा सुटतो, बासरी फुंकावी तसा. मग गुरगुर. मग लांबून पाणी येत असल्याचा आवाज, जसं कुणी झोपेतून उठून चालत येतंय. एका घरात हंडा वाजला, मग दुसऱ्या, मग सगळी गल्ली. वीस वर्षं मी पाणी सोडतोय आणि पाणी येताना मी ऐकलंच नव्हतं. चावी हातात घेऊन तिथंच हात जोडले. वरून एक बाई म्हणाली, "लाइनमनदादा, कुणाला हात जोडता? पाण्याचा जोर वाढवा आधी."

एकादशीचा उपास होता. दुपारी चतुराबाईनं बाजारात मला पाहिलं आणि ओरडली की उपासाचं सोंग आत्ता नको, भगर तरी खा, भुकेल्या पोटाला जुनी सवय लवकर सापडते. मी भगर खाल्ली.

घरी आशाबाईत फार फरक पडलाय. मी आलो की दारातच माझ्या हातातली पिशवी घेते आणि अगदी जवळ उभी राहते. लग्नाच्या पहिल्या वर्षीसुद्धा अशी जवळ येत नव्हती. आणि जेवताना भाजी कशी झालीय हे रोज विचारते, मी पुरतं उत्तर देईपर्यंत थांबते. संसाराला उतारवयात असा बहर येतो, ही देवाचीच कृपा.

माघ वद्य द्वितीया, सोमवार

नानांचा फोन आला. नाना म्हणजे माझे थोरले भाऊ नानासाहेब, गावी शेती बघतात. आमचं गाव वेरूळच्या पलीकडं. चैत्र पौर्णिमेला म्हसोबाची जत्रा, बोकड आधीच ठरवलंय, बाटल्याही सांगून ठेवल्यात. "तू आदल्या दिवशी ये," म्हणाले. मी व्हय म्हणालो आणि फोन ठेवल्यावर खाली बसलो.

म्हसोबाला दारूचा नैवेद्य असतो. सांडू भगत पितळी पेल्यात ओततो, देवावरून ओवाळतो, एक बोट दगडाला लावतो आणि पेला मानकऱ्याला देतो. मानकऱ्यानं पहिला घोट घ्यायचा. तो घेईपर्यंत गावातल्या कुणाच्याही ओठाला ते तीर्थ लागत नाही. आणि मानकरी मी आहे.

हा मान आजोबांनी आणला. पोलीस ॲक्शनच्या आधी रझाकारांच्या धास्तीनं गाव उठून गेलं होतं. आजोबा एकटे मागं राहिले. का, तर पौर्णिमेला देवापुढं कुणी नसेल म्हणून. रिकाम्या गावात त्यांनी नैवेद्य दाखवला आणि स्वतःच पहिला घोट घेतला. गाव परत आलं तेव्हा सगळ्यांनी मान त्यांच्या घराला दिला. आजोबा धाकटे, म्हणून धाकट्यानंच घ्यायचा, थोरल्याला चालत नाही. नानांना नाही, मला. मला एक मुलगी, ती सासरी. मी सोडला तर मान भावकीत काकासाहेबाच्या घरात जाईल. त्याचा बाप मरेपर्यंत म्हणत होता की तो मान खरा त्यांचाच.

दारू आणि देव एकाच पेल्यात आहेत. हे त्या खोलीत कुणाला सांगू?

माघ वद्य पंचमी, गुरुवार

मीटिंग सुटल्यावर अनंतरावांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले. म्हणाले, "अहो बद्रीनाथराव, हा प्रश्नच नाही. दगडाला दारू पाजायची हे अडाणीपण. तो काही खरा देव नव्हे. तुम्ही शंकराला मानता ना, त्याला धरा."

मी चप्पल घातली आणि निघालो. त्या देवासाठी माझा आजोबा मरणाला बसला होता. आणि तो खरा नाही हे छावणीत बसून एक निवृत्त कारकून ठरवतो. ज्याचा त्याचा देव म्हणतात, तो ह्यांच्या पसंतीचा असला तरच का?

आज लपवावंसं वाटलं ते काही नाही.

माघ वद्य दशमी, मंगळवार

शनिवारी गेलो नाही. कालही नाही. मला त्यांची गरज उरलेली नाही असं वाटतं. पिण्याची इच्छा अजिबात होत नाही, तपासायला म्हणून मुद्दाम त्या जुन्या दुकानावरून दोनदा चालत गेलो. आत कोण कोण बसलंय तेवढं पाहिलं. मनात काही आलं नाही. नवी बाटली आलीय, तिच्यावर मोराचं चित्र आहे.

माघ वद्य चतुर्दशी, शनिवार. महाशिवरात्र

आशाबाईला घेऊन वेरूळला गेलो. रांग मोठी होती. घृष्णेश्वराच्या पिंडीवर पाणी घालताना तिनं डोळे इतके घट्ट मिटले की मला वाटलं हिचं काही दुखतंय. काय मागितलं विचारलं तर म्हणाली, "मागितलेलं सांगत नसतात."

तिथून गाव जवळ, म्हणून तिला पुतणीकडं सोडून मी पुढं गेलो. मनात एकच होतं, की अनंतरावांना नाही, नानांनाही नाही, ज्याचा पेला त्यालाच विचारावं. सांडू भगताला म्हणालो, कौल लाव. नानाही बरोबर आले.

म्हसोबा बांधावर, लिंबाखाली. शेंदराचे थर चढून चढून दगडाला खांदे आलेत. माणसाच्या देवळातला देव आपल्याकडं बघतो, हा बघत नाही. हा नुसता असतो. मला लहानपणी त्याचं भय वाटायचं. आज वाटलं, एवढा उन्हापावसाचा धनी आपल्यासारख्याचा प्रश्न ऐकायला थांबलाय.

सांडूनं कण्हेरीची दोन फुलं भिजवून देवाच्या दोन अंगांना लावली. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. डावं फूल त्यानं अंगठ्यानं चांगलं दाबून बसवलं, उजवं नुसतं टेकवलं. म्हातारपणानं हात चालत नसेल. मग त्यानं नानांकडं पाहिलं आणि मला म्हणाला, "इचार."

मी विचारलं, "देवा, पौर्णिमेला तुझा घोट घेऊ का?"

बोलणं संपतंय तोवर उजवं फूल खाली आलं.

नानांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी दगडासमोर आडवा झालो. उठवत नव्हतं.

फाल्गुन शुद्ध तृतीया, बुधवार

देवानं मला हो म्हटलं. हे किती मोठं आहे ते मला शब्दांत मांडता येत नाही. चालताना पाय जमिनीला लागत नाहीत.

आशाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "देव म्हणला तर घ्यावीच लागंल." मग घासलेली भांडी घेऊन पुन्हा घासायला बसली. तिची श्रद्धा माझ्यापेक्षा मोठी.

फाल्गुन शुद्ध दशमी, बुधवार

एकच घोट. तोही तीर्थ म्हणून. तो घशातून उतरताना कसा लागेल ह्याचा आज कामावर फार वेळ विचार करत होतो. आधी जिभेला चुणचुण, मग छातीत ऊब, मग सगळं सैल. भक्तीनं अंगावर काटा आला. व्हॉल्व्ह बंद करायचा विसरलो, खालच्या गल्लीत ओढा वाहिला.

फाल्गुन पौर्णिमा, सोमवार. होळी

जत्रा आता महिन्यावर. इतकी ओढ मला देवाची कधी लागली नव्हती. गल्लीतल्या होळीत नारळ टाकला. शेजाऱ्यांनी पेला पुढं केला, मी नको म्हणालो, अगदी सहज. माझी पहिली वेळ ठरलेली आहे, ती अशी गटारात घालवायची नाही.

आशाबाई आज म्हणाली, तिला छावणीच्या बाजारातून कांदे आणायचेत. गारखेड्यात कांदे मिळत नाहीत काय? पण गुरुवारी घेऊन जाईन.

फाल्गुन वद्य तृतीया, गुरुवार

बाजारात चतुराबाईच्या पाटीसमोरच आशाबाई थांबली. दोघींची ओळख कधी झाली कुणास ठाऊक. चतुराबाई मला म्हणाली, तोंड दाखवायचं नसंल तर पाठ दाखव, पण संध्याकाळी ये. बायको कांदे निवडत राहिली, एकेक कांदा चार वेळा.

गेलो. माझी पाळी आली तेव्हा उठलो आणि अभिमानानं सांगितलं. मान सांगितला, आजोबांचं सांगितलं, कौल उजवा आला तेही सांगितलं.  अनंतरावांनी मान खाली घातली. मला वाटलं, जिरली.

मग चतुराबाई बोलली. हसत नव्हती.

"भाऊ, म्या नणंदेच्या बाळंतपणाचं निमित्त करून प्याले. पोराला सर्दी झाली, त्याला चोळायला आणली, अन् मीच प्याले. मयतीला प्याले, बारशाला प्याले. पण देवाकडून चिठ्ठी आणावं हे मला नाय सुचलं. तुझं डोकं लई चालतं."

कुणीतरी हसलं. मी म्हणालो, देवाची थट्टा करू नको.

"देवाची कुठं करते? माझ्या घरात मरीआई हाय, तिला बी निवद असतोच. मला एवढंच सांग, तू देवाला काय इचारलं?"

"घेऊ का, असं."

"अन् नाय घेतली तर चालंल का, हे कामून नाय इचारलं?"

त्या खोलीत पंखा होता, त्याचा आवाज मला आज पहिल्यांदा ऐकू आला.  फळांचा तक्ता तेवढा समोर. त्यावरचं सीताफळ पाहत बसलो, मीटिंग सुटेपर्यंत.

फाल्गुन वद्य चतुर्थी, शुक्रवार

रात्री झोप नव्हती, ते आज सकाळी बसून लिहितो.

वहीची मागची पानं वाचली. मोराची बाटली. घशातून कसं उतरेल. माझी पहिली वेळ ठरलेली आहे. कौलानंतर होळीपर्यंतच्या पानांत देवाच्या दगडाबद्दल, लिंबाबद्दल, आजोबांबद्दल एक ओळ नाही. मी महिनाभर पेल्याचीच वाट पाहिली आणि तिला भक्ती म्हणत राहिलो. खोटं बोलत नव्हतो. मला खरंच तसं वाटत होतं. भय वाटतं ते त्याचंच. जी चीज माझ्या तोंडून देवाचं नाव घेऊ शकते ती केवढी असेल? तिच्यापुढं मी चार मीटिंगांवर बसून म्हणत होतो की मला गरज नाही.

आणि देव? त्यानं मी जे विचारलं त्याचं उत्तर दिलं. जे विचारलंच नाही त्यावर तो एवढे दिवस गप्प बसून राहिला. केवढी वाट पाहणं आहे ते.

दुपारी अनंतराव घरी आले. छावणीहून दोन बस बदलून, तेच कॅनव्हासचे बूट. आशाबाईनं चहा ठेवला. ते खुर्चीवर बसले नाहीत, उभ्याउभ्याच म्हणाले, "मी तुमच्या देवाला नावं ठेवली. मला तुमच्या देवाचं काही ठाऊक नाही. मला फक्त पेल्याचं ठाऊक आहे. तेवढंच बोलायला हवं होतं."

सत्तरीचा माणूस, जानवं घातलेला, माझ्या दारात उभा राहून हे म्हणतो. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर ते मागं सरकले. पाया नको म्हणाले, फोन करत जा.

मी विचारलं, पुन्हा कौल लावू का, नीट प्रश्न विचारून. त्यांनी चहा फुंकला. मग म्हणाले, "तुम्हाला उत्तर हवंय की सही?"

कौल लावणार नाही.

चैत्र शुद्ध प्रतिपदा, मंगळवार. पाडवा

गुढी उभारली. नानांना फोन करून सांगितलं की मी येईन, देवापुढं उभा राहीन, पण घोट घेणार नाही. त्यांनी फोन ठेवून दिला.

चैत्र शुद्ध षष्ठी, रविवार

नाना स्वतः आले. सकाळच्या पहिल्या गाडीनं. आशाबाईला नमस्कारही करू दिला नाही, तसेच पलंगावर बसले.

खूप बोलले. आजोबांनी जिवावर उदार होऊन मिळवलेलं मी शहरात राहून उधळतोय. काकासाहेबाच्या घरात पेढे वाटतील. देवानं कौल दिलाय, तो मोडला तर घरात काय होईल त्याला मी जबाबदार. "बाटली नाय मागत तुला," म्हणाले. "घोटभर. घोटानं कुणी मेलंय व्हय?"

मी म्हणालो, "नाना, घोटानं मी मरत नाय. घोटानं मी सुरू होतो."

 नानांनी चहाची बशी उचलली, पण ती इतकी वाजायला लागली की पुन्हा खाली ठेवली. अजून ऊन वर आलं नव्हतं, गार वाजत असावं. मी शाल दिली. ती त्यांनी घेतली नाही. जाताना दारात थांबून, माझ्याकडं न बघता विचारलं, "तिथं कोण कोण येतं रं? खेड्यातलं कुणी येतं का?"

येतात म्हणालो. "चाललो मग," म्हणाले आणि गेले.

आज लपवावंसं वाटलं ते लिहितो. नाना जोरात बोलत होते तेव्हा मला वाटलं, बरं आहे, ह्यांनी असंच बळजबरी करावी, म्हणजे घेतली तरी दोष माझा नाही.

लगेच अनंतरावांना फोन केला आणि हे सांगितलं. ते म्हणाले, हे सांगितलंत, आता ते निम्मं झालं.

चैत्र वद्य प्रतिपदा, बुधवार

काल जत्रा झाली. आज सकाळी घरी पोचलो, लाइनीवरची पाळी उरकली आणि बसलो.

काल निघताना अनंतरावांना फोन केला. मी येऊ का म्हणाले. मी नको म्हटलं, गाव म्हणेल शहरातल्या माणसानं फूस लावली. "मग मी फोनपाशी बसतो," म्हणाले.

बांधावर गर्दी होती. बायका एका अंगाला, आशाबाई त्यांच्यात. पुरुष रांगेनं. रांगेत सगळ्यांत पुढं मी, मागं नाना, त्यांच्यामागं भावकी आणि तिच्यात काकासाहेब. लिंब फुलला होता. हलगी थांबली. सांडूनं बाटलीचं बूच काढलं आणि पेल्यात धार सोडली.

वास आला. देवासमोरची गोष्ट आहे, खोटं लिहीत नाही. मला ती हवी होती. जिभेखाली पाणी सुटलं. एवढ्या दिवसांच्या मीटिंगा, अनंतराव, चतुराबाई, सगळं कुणीतरी दिवा मालवावा तसं गेलं. मी आणि पेला, दोघंच उरलो. मग दगडाकडं पाहिलं. तो होता तसाच होता. मनात म्हटलं, आता तूच धर, माझ्यानं होत नाही. दुसरं काही सुचलं नाही.

सांडूनं पेला ओवाळला, बोट दगडाला लावलं आणि माझ्या हातात दिला. थंडगार पितळ. मी काय बोलायचं ते पाठ करून आलो होतो, ते आठवलं नाही. जे आलं ते बोललो.

"देवा, मी दारुड्या हाय. तुझा मान माझ्या तोंडाला झेपत नाय. तो दुसऱ्याला दे."

रांगेत कुजबुज झाली. कुणी हसलं. मागून एक जण म्हणाला, आता ह्याच्या पायी सगळ्या गावानं कोरडं राहायचं का. दुसरा म्हणाला, शहरात जाऊन बामण झाला. मी हललो नाही. हललो असतो तर पेला सांडला असता.

मग नाना माझ्या कानाशी आले. इतके दिवस जो राग होता तो आवाजात नव्हता. लहानपणी विहिरीत उतरायला मी भ्यायचो तेव्हा जसे बोलायचे तसे बोलले.

"बद्री, नुसतं ओठाला लाव रं. आत नको घेऊ. कुणाला कळणार नाय."

ह्याला मी तयार नव्हतो. रागाला होतो. मायेला नव्हतो. पेला किती वर आला होता ते मला माहीत नाही, पण वर आला होता.

"मला कळंल, नाना," मी म्हणालो.

नाना मागं सरले. मी वळलो आणि काकासाहेबासमोर जाऊन उभा राहिलो. जन्मभर ज्या पेल्यावर त्याच्या घरानं हक्क सांगितला तो पेला पुढं होता, आणि त्यानं हात पाठीमागं बांधून घेतले. त्याचा चेहरा उतरला होता. "असा नको रं बद्री," म्हणाला. "भांडून घेतला असता. असा कुणी देत असतो का?"

मी थांबलो. मला घाई नव्हती. वाटलं होतं लिंब पेटेल, दगड दुभंगेल, निदान सांडूच्या अंगात येईल. काही झालं नाही. वारा आला आणि लिंबाचा मोहोर आमच्या दोघांच्या डोक्यावर, पेल्यात, देवावर सारखाच पडला. बायकांच्या अंगाला कुणीतरी हुंदका दिला. सगळा गाव एका पेल्याकडं बघत होता आणि त्या पेल्यातलं मला आता काही लागत नव्हतं. काही वेळापुरतं असेल. पण लागत नव्हतं. एवढी शांतता मी देवळातसुद्धा ऐकलेली नाही.

काकासाहेबानं हात पुढं केले. मी पेला त्यात ठेवला आणि माझे हात काढून घेतले.